विश्लेषण : कुत्रा अंगण का उकरतो? त्याला बांधून ठेवणे हा उपाय आहे का?

घराला अंगण आणि अंगणात कुत्रा असेल, तर खड्ड्यांची तक्रार ठरलेली. तुळशीच्या कट्ट्याशेजारी खड्डा, परसात नुकतेच लावलेले मिरचीचे रोप उपटलेले, कुंपणाखालून मातीचा ढीग बाहेर आलेला, हे चित्र पाटण तालुक्यातील वाड्या-वस्त्यांवर नवे नाही. त्यावर बहुतेक घरांत पहिला उपाय केला जातो तो साखळीचा. कुत्रा दिवसभर खुंटीला बांधला जातो आणि रात्रीही तसाच अंगणात राहतो. मात्र उकरण्याचे मूळ कारण साखळीने जात नाही. शिवाय सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाला लागून असलेल्या या तालुक्यात रात्री बाहेर बांधलेला कुत्रा हे बिबट्यासाठी सर्वात सोपे भक्ष्य ठरते. कुत्रा का उकरतो, खड्डा पाहून कारण कसे ओळखायचे आणि अंगण व कुत्रा दोन्ही कसे सांभाळायचे, याविषयी.

उकरणे हा खोडकरपणा आहे का?

नाही. माती उकरणे हा कुत्र्याचा मूळ स्वभाव आहे. लांडगा, कोल्हा आणि सह्याद्रीच्या जंगलात आढळणारा कोळसुंदा, म्हणजे रानकुत्रा, हे सगळे श्वानकुळातले प्राणी पिल्लांना बिळात किंवा कपारीत वाढवतात. शिल्लक राहिलेले अन्न मातीत पुरून ठेवण्याची सवयही या कुळात जुनी आहे. पोट भरलेले असतानाही घरचा कुत्रा भाकरीचा तुकडा किंवा हाड नेऊन पुरतो, तो याच सवयीने.

काही जातींत हा गुण माणसाने मुद्दाम वाढवला. ‘टेरियर’ हे नाव जमिनीसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून आले आहे. बिळात शिरून उंदीर, कोल्हे बाहेर काढण्यासाठी ही कुत्री पाळली जात. ‘डॅशहुंड’ या जर्मन नावाचा अर्थच बिज्जू पकडणारा कुत्रा असा आहे. बिळात सहज शिरता यावे म्हणून त्याचे पाय आखूड आणि अंग लांबट ठेवले गेले. हौसेने डॅशहुंड आणायचा आणि तो उकरतो म्हणून मारायचे, हे मांजराने उंदीर पकडला म्हणून मांजराला शिक्षा करण्यासारखे आहे. आपल्या भागातील गावठी कुत्री आणि सांगली-कोल्हापूरकडे अनेक जण हौसेने पाळतात ती मुधोळची शिकारी कुत्री या कामासाठी घडवलेली नसली, तरी कारण मिळाले की तीही उकरतात.

म्हणून उकरणे कायमचे बंद करणे हे उद्दिष्ट ठेवले, तर पदरी निराशा येते. कुत्र्याने कुठे उकरावे आणि कुठे उकरू नये, हे ठरवणे आपल्या हातात आहे. त्यासाठी तो कशासाठी उकरतो आहे, ते आधी कळायला हवे.

खड्डा पाहून कारण कसे ओळखायचे?

खड्ड्याची जागा, आकार आणि वेळ या तीन गोष्टी नीट पाहिल्या, तर बहुतेक वेळा कारण सापडते.

मोरीच्या पाण्यावर वाढलेल्या अळूत, केळीच्या बुंध्याशी, नळाजवळ किंवा पाण्याच्या टाकीच्या सावलीत खड्डा असेल, तो उथळ आणि पसरट असेल आणि कुत्रा त्यातच पोट टेकून झोपत असेल, तर कारण उष्णता हे आहे. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. घामग्रंथी मुख्यतः पंजांच्या तळव्यांत असतात. शरीरातील उष्णता तो धापा टाकून आणि थंड पृष्ठभागाला पोट लावून बाहेर टाकतो. पोटावर केस विरळ असतात, त्यामुळे वरची तापलेली माती बाजूला सारून खालच्या ओलसर मातीवर पडले की त्याला लवकर थंडावा मिळतो.

घराच्या जोत्याला लागून, सांडपाण्याच्या चरीशेजारी किंवा सरपणाच्या ढिगाखाली एकाच ठिकाणी खोल खड्डा होत असेल, कुत्रा मध्येच थांबून वास घेत असेल, कान टवकारत असेल, तर खाली उंदीर किंवा घूस असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी कुत्रा नुकसान करत नसून घरात घूस शिरल्याची खबर देत असतो. कुत्र्याला हुसकावून खड्डा बुजवला, तरी घूस जोते पोखरतच राहते.

कुंपणाच्या किंवा फाटकाच्या खालीच खड्डा असेल, तर त्याला बाहेर पडायचे आहे. भाद्रपदाच्या आसपास हा प्रकार वाढतो. हा काळ गावाकडच्या कुत्र्यांच्या माजाचा मानला जातो. नर कुत्र्याला दूरवरून वास येतो आणि तो कुंपण उकरून बाहेर जातो. मात्र घरातील माणसे बाहेर गेल्यावरच फाटक किंवा दार उकरले जात असेल, सोबत रडणे-भुंकणे असेल, तर तो एकटेपणाचा त्रास असतो.

अंगणभर इकडे-तिकडे छोटे-मोठे खड्डे, उपटलेली रोपे, चावलेल्या चपला हे सारे एकत्र दिसले, तर कुत्रा कंटाळलेला आहे. वर्ष-दीड वर्षाच्या आतील पिल्लांत हे कारण सर्वाधिक आढळते.

माद्यांचे आणखी एक कारण असते. कुत्रीचा गर्भकाळ साधारण 63 दिवसांचा असतो. विण्याचे दिवस जवळ आले की ती आडोशाला, गंजीखाली, जिन्याखाली जागा उकरू लागते. कोलकात्याच्या ‘आयसर’ या विज्ञान संस्थेतील संशोधकांनी भटक्या कुत्र्यांच्या पिल्ले घालण्याच्या जागांचा अभ्यास केला. तेव्हा या माद्या माणसांच्या वावराजवळचीच जागा पसंत करतात, असे दिसले. त्यामुळे गाभण कुत्री घराजवळ उकरत असेल तर तिला हाकलण्यापेक्षा कोरड्या जागी गोणपाट टाकून आडोसा करून देणे सोपे पडते.

पाटणच्या हवामानाचा यात काय वाटा?

मोठा वाटा आहे. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली बांधलेल्या कुत्र्याला वरून पत्रा आणि खालून कोबा असा दोन्हीकडून चटका बसतो. अलीकडे अनेक घरांनी मातीचे अंगण काढून कोबा किंवा पेव्हर ब्लॉक बसवले. अंगण स्वच्छ झाले, पण कुत्र्यासाठी गार आणि मऊ अशी एकच जागा उरली, ती म्हणजे फुलझाडांची आळी. अख्खे अंगण सोडून तो नेमका गुलाबाच्या मुळाशीच का जातो, या प्रश्नाचे उत्तर अनेकदा एवढेच असते.

पावसाळ्यात कारणे बदलतात. कोयनानगर, नवजा, महाबळेश्वर या पट्ट्यात हंगामात काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिम पाटणमध्ये तर पावसाची झड आठवडाभर थांबत नाही. कुत्र्याचे फिरणे बंद होते, अंगातली ऊर्जा तशीच राहते आणि उघडीप मिळताच ती मऊ झालेल्या मातीवर निघते. बिळांत पाणी शिरल्याने उंदीर-घुशी कोरड्या जागेकडे, म्हणजे घराकडे सरकतात. ओढ्याकाठच्या घरांभोवती खेकड्यांची बिळे दिसू लागतात. कुत्र्याच्या नाकाला हे सगळे आमंत्रण असते.

यातच दोन धोके आहेत. पहिला सापाचा. उंदरामागे साप येतो आणि उंदराच्या बिळात तो राहतोही. नाग, घोणस, मण्यार आणि फुरसे हे चारही प्रमुख विषारी साप सह्याद्रीच्या परिसरात आढळतात. बिळात तोंड घालणाऱ्या कुत्र्याला दंश होतो तो बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर. अचानक सूज, लाळ, लंगडणे दिसले तर झाडपाल्यात वेळ न घालवता पशुवैद्य गाठावा. दुसरा धोका लेप्टोस्पायरोसिसचा. उंदरांच्या मूत्रातून हे जिवाणू ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात येतात. त्यांचा संसर्ग कुत्र्याला आणि त्याच्यामार्फत माणसालाही होऊ शकतो. कुत्र्यांच्या नेहमीच्या एकत्रित लसींपैकी अनेकींमध्ये लेप्टोचा समावेश असतो. आपल्या कुत्र्याला ती मिळाली आहे का, हे पावसाळ्यापूर्वी पशुवैद्यांकडून तपासून घेतलेले बरे.

चाकरमानी घरांत हा प्रश्न वेगळा का?

पाटण तालुक्यातील असंख्य कुटुंबांचा एक पाय मुंबई-नवी मुंबईत आहे. माथाडी कामापासून नोकरी-धंद्यापर्यंत घरातील कर्ती माणसे तिकडे आणि गावच्या घरी आई-वडील अशी विभागणी अनेक ठिकाणी दिसते. मे महिन्यात आणि गणपतीत घर भरते. मुले दिवसभर कुत्र्याशी खेळतात, त्याला रानात नेतात, ताटातले चारतात. सुट्टी संपली की एका दिवसात हे सगळे थांबते. घरात उरतात दोन वयस्कर माणसे, ज्यांना कुत्र्यामागे धावणे जमत नाही.

गर्दी ओसरल्यानंतरच्या आठवड्यात उकरणे वाढले, तर त्यामागे हा अचानक आलेला रिकामेपणा असू शकतो. अशा घरात सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी फिरवायला शेजारच्या एखाद्या मुलाला सांगणे हा कुठल्याही जाळीपेक्षा किंवा औषधापेक्षा उपयोगी उपाय आहे. मुंबईहून येणाऱ्यांनीही जाण्यापूर्वीच्या चार-पाच दिवसांत खेळ हळूहळू कमी करत न्यावा, म्हणजे कुत्र्याला एकदम तुटल्यासारखे होत नाही.

‘त्याला चूक कळते, म्हणून तो तोंड लपवतो’, हे खरे आहे का?

खड्डा दिसल्यावर मालक ओरडतो. कुत्रा कान पाडतो, नजर चुकवतो, शेपूट घालतो. ‘बघा, त्याला बरोबर कळलंय’ असे आपण म्हणतो. अमेरिकेतील बार्नार्ड कॉलेजच्या संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात नेमके हेच तपासले. 14 कुत्र्यांना मालकांनी समोरचा खाऊ खाऊ नको असे बजावले आणि ते खोलीबाहेर गेले. परत आल्यावर काही मालकांना कुत्र्याने खाऊ खाल्ल्याचे खोटेच सांगण्यात आले. निष्कर्ष असा की, कुत्र्याचा ‘अपराधी’ चेहरा त्याने खरोखर चूक केली होती का, यावर अवलंबून नव्हता. मालक रागावला का, यावर तो अवलंबून होता. काहीच न खाल्लेल्या कुत्र्यांनीही ओरडा बसताच तोच चेहरा केला.

याचा अंगणातील अर्थ सरळ आहे. सकाळी उकरलेल्या खड्ड्यासाठी संध्याकाळी मार दिला, तर कुत्रा तो मार खड्ड्याशी जोडत नाही. मालक घरी आला की मार बसतो, एवढेच तो शिकतो. त्याची भीती वाढते आणि भेदरलेला कुत्रा अधिक उकरतो, पळून जाण्याचा प्रयत्न करतो किंवा चावतो. त्याचे नाक खड्ड्यात दाबणे, खड्ड्यात पाणी भरून त्याचे तोंड बुडवणे हे प्रकार तर क्रूरतेत मोडतात. कुत्रा उकरत असतानाच, त्या क्षणी, ठाम आवाजात ‘नको’ म्हणून त्याला दुसरीकडे वळवले तर आणि तरच त्याला संबंध कळतो.

साखळी का नको?

साखळीने खड्डा थांबत नाही, तो साखळीच्या लांबीएवढ्या वर्तुळात होऊ लागतो. बांधलेल्या कुत्र्याची ऊर्जा आणि कंटाळा दोन्ही वाढतात. कायद्यालाही हे मान्य नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यातील कलम 11 नुसार, अवाजवी आखूड किंवा जड साखळीने प्राण्याला अवाजवी काळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. त्याच कलमात कुत्र्याचा स्वतंत्र उल्लेख आहे. नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवण्याची जबाबदारी मालकाची असून, ती टाळणे हाही गुन्हा ठरतो. पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही 10 ते 50 रुपये इतका नगण्य आहे, पण ही जबाबदारी कायद्याने 60 वर्षांहून अधिक काळापूर्वी मालकावर टाकली आहे, हे महत्त्वाचे.

पाटणसाठी याहून गंभीर मुद्दा बिबट्याचा आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी जिल्ह्यांत पसरलेल्या या प्रकल्पाचे क्षेत्र सुमारे 1,165 चौरस किलोमीटर आहे. एकीकडे हे जंगल आणि दुसरीकडे कराडच्या दिशेने पसरत गेलेला ऊस, अशा दोन्ही ठिकाणी बिबट्याला आडोसा मिळतो. बिबट्या गावाजवळ काय खातो, याचा अभ्यास विद्या आत्रेय आणि सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात केला. बिबट्याच्या विष्ठेच्या तपासणीतून दिसले की, वजनाच्या हिशेबात त्याच्या भक्ष्यापैकी 87 टक्के भाग पाळीव व गावातील प्राण्यांचा होता आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा 39 टक्के होता. शेळ्या गोठ्यात बंद असतात, कुत्रा मात्र बाहेर असतो, हे त्यामागचे साधे कारण.

मोकळा कुत्रा निदान पळू शकतो, घरात शिरू शकतो. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला तीही संधी नसते. त्यातच कुत्र्यामागे बिबट्या अंगणात आला, तर ओसरीवर झोपलेल्या माणसांनाही धोका निर्माण होतो. म्हणूनच रात्री फाटकाशी किंवा दाराशी खड्डे होत असतील, तर कुत्रा आत येण्यासाठी धडपडतो आहे का, हेही पाहायला हवे. त्याला वास लागलेला असतो, आपल्याला नसतो.

मग नेमके करायचे काय?

पहिली पायरी रात्रीची. कुत्रा घरात, पडवीत किंवा दार बंद होणाऱ्या, वरून झाकलेल्या मजबूत खोपटात असावा. एवढ्याने रात्रीचे उकरणे पूर्ण थांबते आणि त्याचा जीवही सुरक्षित राहतो. राखण होणार नाही, ही शंका अनेकांना वाटते. पण कुत्र्याची राखण नाक-कानाने होते. पडवीतून तो तेवढाच भुंकतो.

दुसरी पायरी उष्णतेची. उन्हाळ्यात त्याला सावलीत ओलसर जागा आपणच द्यावी. झाडाखाली फूटभर रुंद कड सोडून पसरट खड्डा करून त्यात वाळू टाकावी आणि दुपारी पाणी मारावे. ओले गोणपाट आणि पाण्याचे जड भांडे शेजारी ठेवावे. हलके भांडे तो उलटवतो आणि तिथेच चिखल करून उकरतो.

तिसरी पायरी ऊर्जेची. सकाळी आणि संध्याकाळी किमान अर्धा-अर्धा तास फिरणे, तेही वास घेत घेत, ही प्रौढ निरोगी कुत्र्याची गरज आहे. पावसाची झड असेल तेव्हा नाकाला काम द्यावे. जुन्या गोणपाटाच्या घड्यांत भाकरीचे तुकडे लपवून ते शोधायला लावले, तर 15-20 मिनिटांत कुत्रा थकतो. हाड किंवा उरलेले अन्न पुरायची सवय असेल, तर खाणे झाल्यावर उरलेले लगेच उचलावे. शिजवलेली कोंबडीची हाडे देऊच नयेत, त्यांचे अणकुचीदार तुकडे होऊन आतडे फाटू शकते.

चौथी पायरी हक्काच्या खड्ड्याची. ज्याला उकरण्याची आवडच आहे, त्याला अंगणाच्या एका कोपऱ्यात स्वतःची जागा द्यावी. साधारण चार फूट बाय पाच फूट जागा, फूट-दीड फूट खोल, कडेने जांभ्याचे चिरे किंवा जुने टायर, आत वाळू आणि भुसभुशीत माती. पावसाळ्यात वर पत्रा. सुरुवातीला त्याच्या देखत चेंडू किंवा खाऊ अर्धवट पुरावा. तो उकरून काढला की शाबासकी द्यावी. नंतर हळूहळू खोल पुरावे. आळ्यात उकरताना दिसला तर ‘नको’ म्हणून त्याला या खड्ड्याकडे आणावे आणि तिथे उकरल्यावर पुन्हा कौतुक करावे. घरातील प्रत्येकाने हेच केले, तर बहुतेक कुत्र्यांत दोन-तीन आठवड्यांत फरक दिसू लागतो. एक जण शाबासकी देतो आणि दुसरा काठी उगारतो, अशा घरात मात्र काहीच साधत नाही.

पाचवी पायरी अडथळ्याची. नव्या आळ्यांवर कोंबडीची जाळी आडवी अंथरून तिच्यावर बोटभर माती टाकावी. पंज्याला जाळी लागली की कुत्रा जागा सोडतो. जाळीच्या तारांची टोके खाली वळवावीत, नाही तर पंजा कापतो. कुंपणाखाली जाळी इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखी, फूटभर उभी आणि दीड-दोन फूट आतल्या बाजूला आडवी पुरावी किंवा चिरे अर्धे जमिनीत गाडून ओळ लावावी. डोंगरउताराच्या घरांत दगडी बांधाच्या पायथ्याशी झालेला खड्डा लगेच दगड-मातीने ठोकून बुजवावा. पावसात तिथूनच बांध सुटतो.

नर कुत्रा वारंवार कुंपण उकरून पळत असेल, तर निर्बीजीकरणाचा विचार करावा. त्यामुळे मादीच्या शोधात भटकणे बऱ्याच अंशी कमी होते. कंटाळ्याने किंवा घुशीमागे उकरणाऱ्या कुत्र्यावर मात्र या शस्त्रक्रियेचा परिणाम होईल, अशी अपेक्षा ठेवू नये.

कोणते घरगुती उपाय जीवघेणे ठरू शकतात?

सर्वात मोठा धोका खतांचा आहे आणि तो फारसा कोणाला माहीत नसतो. परसबागेत घातलेला हाडांचा चुरा, मासळीचे खत यांच्या वासाने कुत्रा नेमकी तीच जागा उकरतो. एरंडीच्या पेंडीचाही वास त्याला ओढतो आणि एरंडीच्या बीमध्ये रायसिन हे तीव्र विष असते. पेंडीवर नीट प्रक्रिया झालेली नसेल, तर ती खाल्ल्याने उलट्या, रक्ती हगवण होऊन कुत्रा दगावू शकतो. घरात कुत्रा असेल तर एरंडी पेंड वापरूच नये. नीट कुजलेले शेणखत किंवा गांडूळ खत हे पर्याय आहेत.

‘थिमेट’ म्हणजे फोरेट हे दाणेदार कीटकनाशक आळ्यात टाकण्याची जुनी पद्धत काही ठिकाणी टिकून आहे. भारतात त्याच्या वापरावर 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे. शेडमध्ये जुना डबा पडला असेल, तर त्याच्यापर्यंत कुत्रा, कोंबड्या आणि मुले यांपैकी कोणीही पोहोचू नये. घुशीसाठी झिंक फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवणेही तितकेच धोक्याचे. हे विष पोटात गेल्यावर त्यावर नेमका उतारा नाही. उंदीर मारण्याच्या ‘केक’मधील ब्रोमाडिओलोनने काही दिवसांनी रक्तस्राव सुरू होतो. त्यावर ‘के’ जीवनसत्त्वाचा उपचार आहे, पण तो वेळेत मिळायला हवा. विषाने मेलेला उंदीर कुत्र्याने खाल्ला तरी त्रास होऊ शकतो. त्यामुळे कुत्रा असलेल्या घरात घुशीसाठी पिंजरा लावणे आणि बिळे दगड-सिमेंटने बंद करणे हाच मार्ग.

मिरचीपूड टाकणे हा उपाय सर्रास सांगितला जातो. मातीत नाक घालणाऱ्या प्राण्याच्या नाका-डोळ्यांची त्याने आग होते, पावसाच्या पहिल्या सरीत पूड वाहून जाते आणि कुत्रा दोन हात सोडून नवा खड्डा काढतो. शेजाऱ्याच्या कुत्र्याने आपली बाग उकरली म्हणून विष घालणे हा तर गंभीर गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 नुसार प्राण्याला विष घालणे, ठार मारणे किंवा जायबंदी करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

पशुवैद्यांकडे केव्हा जावे?

कधीही न उकरणारा प्रौढ कुत्रा अचानक उकरू लागला, माती खाऊ लागला, नखे तुटून रक्त येईपर्यंत थांबत नसेल किंवा सोबत खाणे सोडले असेल, तर ही बाब सवयीची न राहता आजाराची असू शकते. जंत, गोचिडांतून होणारे ताप, रक्तक्षय, त्वचेची खाज यांची तपासणी करून घ्यावी. मातीत तोंड घालणाऱ्या कुत्र्याला पशुवैद्यांच्या सल्ल्याने नियमित जंतनाशक देणे आणि मुलांनी त्याच्या खड्ड्यात अनवाणी न खेळणे, ही दोन पथ्ये प्रत्येक घराने पाळावीत.

विषबाधेचा संशय आला, तर दूध, मीठ किंवा तेल पाजून उलटी काढण्याच्या भानगडीत न पडता विषाचे पाकीट सोबत घेऊन जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. पशुवैद्यकीय सेवेसाठी 1962 हा टोल फ्री क्रमांक आहे. जिल्ह्यात शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे गुंतागुंतीच्या आजारांसाठी सल्ला घेता येतो. घराजवळ बिबट्याचा वावर जाणवला, तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.

खड्डा बुजवायला पाच मिनिटे लागतात, पण तो का झाला हे न पाहता बुजवला, तर उद्या तो पुन्हा होणार. पुढचा खड्डा दिसला की फावडे उचलण्याआधी जागा, खोली आणि वेळ पाहून घ्यावी. आणि दिवसा काहीही जमले नाही, तरी निदान रात्री साखळी सोडून कुत्र्याला आत घ्यावे.